आमच्या ड्राय शाम्पू पावडरीच्या दोन-स्टार रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार ताई,

तुमचा रिव्ह्यू फोटोंसकट नीट वाचला. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: भांगात पांढरा थर राहिला, लोकलमध्ये घाम आल्यावर त्याच्या गुठळ्या झाल्या, सलग चार दिवस वापरल्यावर डोकं खाजायला लागलं, आधीच्या स्प्रेने यातलं काहीच होत नव्हतं, आणि घरातल्या कॉर्नफ्लोअरने जे होतं त्याला एवढे पैसे कशाला. ऑफिसात कोणी तरी "कोंडा झालाय का?" असं विचारल्यावर किती अवघडायला होतं, ते समजू शकते. हे उत्तर इथेच सगळ्यांसमोर लिहितेय, कारण तुमच्यासारखेच केस आणि तुमच्यासारखाच प्रवास असलेल्या बऱ्याच जणी हे वाचतील.

आधी खाजेबद्दल. बाकीचं दिसण्यापुरतं आहे, हा प्रश्न टाळूचा आहे. ओट्यावर तेल सांडलं की आपण वर पीठ भुरभुरवतो, ते तेल शोषून घेतं. आमची पावडर एवढंच करते. आरारूट आणि केओलिन माती मुळाशी आलेलं तेल टिपतात, म्हणून केस मोकळे दिसतात. पण पीठ टाकल्यावरही ओटा धुवावा लागतोच ना? तेल, घाम, मेलेली त्वचा आणि वर ही पावडर, हे सगळं डोक्यावरच असतं. विंचरून थोडं निघतं, बाकीचं पाण्यानेच जातं. आपल्या सगळ्यांच्या टाळूवर मॅलासेझिया नावाची बुरशी असते, ती याच तेलावर जगते, आणि कोंड्याचा नि खाजेचा तिच्याशी जवळचा संबंध आहे. म्हणूनच डबीवर "दोन न्हाण्यांच्या मध्ये एकदा, फार तर दोनदा" असं लिहिलेलं आहे. चार दिवस न धुता ही पावडर वापरू नका, आमचीच काय, कुणाचीही वापरू नका. आत्ता ती पूर्ण थांबवा, डोकं स्वच्छ धुवा, आणि काही दिवसांत खाज गेली नाही तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. आधीपासून कोंडा किंवा जखम असेल, तर हे मुळात लावायचंच नाही.

आता पांढऱ्या थराबद्दल. तुमच्या फोटोत दिसतेय ती पांढऱ्या झाकणाची डबी, म्हणजे पिकलेल्या आणि फिकट केसांसाठीची. तुमचे केस काळेभोर आहेत. तुमच्यासाठी तपकिरी झाकणाची, बिनसाखरेची कोको पावडर घातलेली डबी आहे. तिचा रंग पांढऱ्या उशीच्या अभ्र्याला लागू शकतो, एवढं लक्षात असू द्या.

डबी कोणतीही असली तरी लावायची पद्धत महत्त्वाची. केस पूर्ण कोरडे हवेत. आरारूट म्हणजे स्टार्चच, त्याला पाणी लागलं की लगदा होतो. घाम आलेल्या टाळूवर किंवा आंघोळीनंतर दमट राहिलेल्या केसांवर टाकलं की गुठळ्या होणारच, पावसाळ्यात तर जास्तच. तेल चोपडलेल्या केसांवरही टाकू नका, त्याचा चिखल होतो. सकाळी गडबडीत लावण्यापेक्षा रात्री झोपण्याआधी लावा. डबी डोक्यावर झटकू नका, थेट पडली की एकाच जागी ढीग होतो आणि बारीक भुकटी नाकातोंडात जाते. चिमूटभर पावडर बशीत घ्या, मेकअपचा मोठा ब्रश त्यात टेकवा, जास्तीची झटका, आणि बोटभर अंतरावर भांग पाडत फक्त मुळांशी लावा. दहा मिनिटं तशीच ठेवून बोटांच्या टोकांनी चोळा. मग खांद्यावर काळी ओढणी टाकून, मान खाली घालून बारीक दातांच्या फणीने विंचरा. ओढणीवर पावडर पडायची थांबली की झालं. यात घाई केली की भांग पांढरा दिसतो.

स्प्रेने पांढरं कमी दिसतं, हे तुमचं निरीक्षण बरोबर आहे. फवारा बारीक असतो, सगळीकडे सारखा बसतो. तरी आम्ही स्प्रे काढत नाही, आणि त्यामागे विचार आहे. डब्यातून फवारा मारायला सहसा ब्यूटेन, प्रोपेनसारखा वायू भरतात. ऑक्टोबर 2022 मध्ये युनिलिव्हरने अमेरिकेत काही ब्रँडचे ड्राय शाम्पू स्प्रे बेंझीन या कर्करोगकारक रसायनाच्या शक्यतेमुळे खबरदारी म्हणून परत मागवले, आणि त्याचा उगम या वायूत असल्याचं सांगितलं. सगळे स्प्रे वाईट असं मी म्हणणार नाही. पण आम्हाला त्या वाटेला जायचंच नाही. टाल्क, म्हणजे अंगाला लावायच्या पावडरीत असतं ते मऊ खनिज, तेही आम्ही घालत नाही. जुलै 2024 मध्ये कर्करोगावर संशोधन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने, आयएआरसीने, टाल्कला "बहुधा कर्करोगकारक" गटात टाकलं. पावडर थोडी दिसली तरी चालेल, या दोन गोष्टी डबीत नकोत, हे आमचं ठरलेलं आहे.

राहिलं कॉर्नफ्लोअर. हो, तेही तेल शोषतं. एखाद्या दिवशी अडलं तर खुशाल वापरा, फार थोडं घ्या आणि नीट विंचरा. आमच्या डबीत त्यापेक्षा महाग आरारूट आहे, केओलिन आहे, तपकिरीत कोको आहे, आणि किमतीतला फरक त्याचा आहे. घरच्या प्रयोगात खायचा सोडा मात्र मिसळू नका, तो कुठल्याही रीलमध्ये सांगितलेला असो. टाळूचा पीएच (आम्लपणा मोजायचं माप, 7 च्या खाली आम्ल, वर अल्कली) साधारण 5.5 असतो, सोड्याचं पाणी 8 च्या वर जातं, आणि आधीच खाजणारी टाळू त्याने आणखी कोरडी पडते.

तुमचा ऑर्डर नंबर आम्हाला मेसेज करा. उरलेली पांढरी डबी परत पाठवा, कुरिअरचा खर्च आमच्याकडे. बदल्यात तपकिरी डबी हवी असेल तर ती पाठवू, नको असेल तर पैसे परत करू. तपकिरी घेतलीत तरी खाज पूर्ण थांबेपर्यंत ती उघडू नका.