भाच्याचा अपलोड स्पीड

ठाण्यात नौपाड्याला माझा फोटो स्टुडिओ आहे. शूटिंग आम्ही करतो, लग्नाच्या व्हिडिओचं एडिटिंग नवी मुंबईत कोपरखैरण्याला बसलेला एक मुलगा करतो. मधे चारच स्टेशनं. दिघा, ऐरोली, रबाळे, घणसोली. एवढ्याशा अंतरात माझे तीन महिने गेले.

पूर्वी तीन तासांची कॅसेट भरली की लग्न संपलं असं आम्ही धरायचो. आता कॅमेरा फोर-के. सेकंदाला शंभर मेगाबिटच्या सेटिंगवर तासभर शूटिंग केलं की ४५ जीबी होतात. त्यात हल्ली मंगलाष्टकांना अंत नसतो. दोन्हीकडच्या आत्या स्वतःच्या रचना घेऊन येतात. एका आत्याचा गळा साधारण चार जीबी धरायचा.

असंच एक लग्न मी रात्री दुकान बंद करताना नेटवरून पाठवायला लावलं. सकाळी शटर वर करून बघतो तर पट्टी ७१ टक्क्यांवर थिजलेली आणि खाली 'पुन्हा प्रयत्न करा'. तिकडे मुलीचे वडील रोज फोन करत होते. शेवटचा फोन फार सभ्य होता. "अहो, मुलीचं डोहाळजेवण ठरलंय. त्याचंही शूटिंग तुम्हालाच द्यायचं मनात होतं, पण आधी लग्न बघायला मिळालं असतं तर..."

माझा प्लॅन शंभर एमबीपीएसचा होता. शंभरात काय कमी पडतंय ते माझ्या हाताखाली काम करणाऱ्या भाच्यानं सांगितलं.

"मामा, शंभर येण्याचे. जाण्याचे वीस."

मी चार वर्षं पैसे भरत होतो आणि मला वाटत होतं की रस्ता एक म्हणजे वेगही एकच. घोडबंदर रोडवरून रोज येणाऱ्या माणसाला तरी हे कळायला हवं होतं. सकाळी ठाण्याकडे मुंगी सरकत नाही आणि पलीकडून गाड्या सुसाट जात असतात.

शिवाय एमबीपीएस म्हणजे सेकंदाला मेगाबिट, मेगाबाइट नव्हेत. आठ बिटांचा एक बाइट. फाइल बाइटमध्ये मोजायची आणि वेग बिटात सांगायचा, ही युक्ती ज्याला सुचली त्यानं आधी सराफकट्ट्यावर उमेदवारी केली असणार. भाच्यानं कॅल्क्युलेटरवर हिशोब मांडला. वीसच्या वेगानं ४५ जीबी जायला पाच तास, तेही मधे एकदाही तुटलं नाही तर.

"त्यापेक्षा मी मेमरी कार्ड घेऊन जातो," तो म्हणाला आणि गेला. दहा मिनिटं चालत स्टेशन, मग ट्रान्सहार्बरची लोकल, उतरून रिक्षा. दारातून दारात एक तास. परत आल्यावर त्यानं पुन्हा कॅल्क्युलेटर घेतला. "तासात ४५ जीबी म्हणजे सेकंदाला १०० मेगाबिट. मामा, मी तुमच्या नेटच्या पाचपट आहे."

त्या दिवसापासून आमचं दुकान भाच्यावर चाललं. दोन कार्डं दिली की त्याचा वेग दुप्पट व्हायचा, खर्च तेवढाच. दुकानाच्या पैशातून मी त्याला त्रैमासिक पास काढून दिला. तोटे नव्हते असं नाही. दर रविवारी मेगाब्लॉक. एकदा एक हळद वडापावच्या कागदात गुंडाळून कचऱ्यात जाता जाता वाचली. शिवाय तो कोपरखैरण्याहून परत यायला जरा जास्तच वेळ घेऊ लागला होता आणि जाताना केस विंचरू लागला होता.

म्हटलं, आता धंद्याचं कनेक्शन घ्यायचंच.

पहिला आला तो गल्लीतला केबलवाला. "दादा, अनलिमिटेड देतो." किती अनलिमिटेड? "३,३०० जीबीपर्यंत अनलिमिटेड." हे वाक्य त्यानं चेहऱ्यावरची रेषही न हलवता म्हटलं. मी विचारलं, संध्याकाळी नेट का रडतं? तेव्हा मात्र त्यानं प्रामाणिकपणे सांगितलं की एका फायबरवर बत्तीस घरं असतात. अडीच गिगाबिट येण्याचे, त्याच्या निम्मे जाण्याचे, त्यात सगळ्यांनी भागवायचं. मला एकदम आमच्या सोसायटीची टाकी दिसली. सकाळी सात वाजता सगळे एकदम आंघोळीला गेले की चौथ्या मजल्यावर जे होतं, तेच हे.

दुसरा सूटबूटवाला. त्यानं लीज्ड लाइन आणली होती. वन इज टू वन, येणं-जाणं सारखं, वाटेकरी नाही. ९९.५ टक्के चालू राहण्याची लेखी हमी. मी धंदेवाईक माणूस, आधी उरलेला अर्धा टक्का मोजला. महिन्याचे ७२० तास, म्हणजे साडेतीन तासांहून थोडं जास्त बंद. तेवढ्यात माझा मुहूर्त येऊन जातो. मग त्यानं महिन्याचा आकडा सांगितला, 'प्लस जीएसटी' म्हणाला, आणि मी त्याला चहा विचारायचा विसरलो.

तिसऱ्याकडे दोन्ही बाजूंनी दोनशेचा बिझनेस प्लॅन होता. त्याचा एकच हट्ट, सोबत स्टॅटिक आयपी घ्या. ते काय असतं? "सर, तुमचा कायमचा पत्ता." मी म्हटलं, आमचं दुकान वडिलांपासून याच गाळ्यात आहे. त्यावर तो गप्प झाला आणि स्टॅटिक आयपी वाचला. प्लॅन मी घेतला.

वायर गुलमोहरावरून यायची होती. पहिल्यांदा ओढली आणि चारच दिवसांनी गोपाळकाला आला. ठाण्यात दहीहंडीचा दोर बांधायचा म्हटल्यावर आड येणाऱ्या वायरीचं काय होतं, ते वेगळं सांगायला नको. राउटरशेजारच्या डबीवर लाल दिवा लुकलुकू लागला.

जोडायला आलेला पोरगा मात्र बघण्यासारखा होता. आमच्या प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसला, मांडीवर डब्याएवढं यंत्र घेतलं. वायरीचं साल सोलत सोलत आत केसासारखी काच निघाली. ती अल्कोहोलनं पुसली, टोक कापलं, यंत्राच्या दोन बाजूंना दोन टोकं ठेवली. छोट्या पडद्यावर ती टोकं जाडजूड रुळांसारखी दिसत होती. यंत्रानं ती आपसूक एका रेषेत आणली, बारीक ठिणगी पडली आणि दोन रुळांचा एक झाला. पासपोर्ट फोटोला आलेल्या एक आजी पदर सावरायचं विसरून बघत राहिल्या. म्हणाल्या, "हाडाचं असं जमतं का रे बाळा?"

दिवा हिरवा झाला. भाच्यानं स्पीड लावून बघितला. ९४. दुसऱ्यांदा, ९४. दोनशेचे पैसे आणि ९४! कस्टमर केअरला तीनदा फोन झाले. तिन्ही वेळा राउटर बंद करून चालू करायला सांगितलं. चौथ्या दिवशी भाच्यानं टेबलाखालची जुनी वायर उपटली. तिच्या पिनेत आठांपैकी चारच तारा लावलेल्या निघाल्या आणि चार तारांवर शंभराच्या वर काही जात नाही. मागे कुणीतरी तारा वाचवल्या होत्या. कुणी, ते मी सौ.ला सांगितलेलं नाही.

नवी वायर टाकली आणि ४५ जीबी अर्ध्या तासात गेले. हिरवी पट्टी शेवटपर्यंत पळाली तेव्हा मी खरंच उभा राहिलो. कोपरखैरण्याला फोन लावला.

"मिळालं का रे?"

"काका, क्लाउडवर दिसतंय. पण आमच्याकडे रस्ता खणलाय, सकाळीच फायबर तुटलं. मोबाइलवर उतरवतोय. रोजचे दोन जीबी मिळतात."

मी कॅल्क्युलेटर घेतला. तेवीस दिवस.

मान वर केली तर भाचा कार्ड खिशात घालून आरशासमोर उभा होता. हातात कंगवा.

"पास एकोणीस तारखेपर्यंत आहे, मामा," तो म्हणाला. "संपायच्या आत नवा काढून ठेवा."