तळीरामाला हसताना

शोकांतिकेत विनोदी पात्र दिसलं की आपण 'कॉमिक रिलीफ' म्हणून मोकळे होतो. प्रेक्षक फार ताणला गेलाय, त्याला जरा हसवा, मग पुन्हा रडवा. मला हा हिशेब पटत नाही. टिकून राहिलेल्या शोकांतिकांमधली हसवणारी माणसं दुःखाला सुट्टी देत नाहीत, ती त्याच दुःखाच्या कारस्थानात सामील असतात.

१९१९ साली रंगभूमीवर आलेलं राम गणेश गडकऱ्यांचं 'एकच प्याला' हे दारूपायी उद्ध्वस्त झालेल्या घराचं नाटक घ्या. सुधाकर वकिलाचा कारकून तळीराम आणि त्याचं आर्यमदिरामंडळ (म्हणजे पिणाऱ्यांचा कंपू) यांच्या तोंडी अशा काही कोट्या आहेत की हसू आवरत नाही. पण सुधाकर बुडाला कसा? वकिलीची सनद गेली, अपमान डोक्यात भिनला आणि तो विसरायला पेला पुढे करणारा हाच कारकून. म्हणजे ज्याच्या बडबडीवर आपण खूश आहोत, तोच सुधाकरच्या बायकोचं, सिंधूचं घर बुडवतोय. सुधाकर ज्या बैठकीत ओढला गेला, तिथे आपणही हसत हसत जाऊन बसलेलो असतो. सुधाकरचा मित्र रामलाल याच्या उपदेशातून (तो लांबलाय, हेही खरं) दारूची ओढ कळत नाही, ती तळीरामामुळे कळते. त्याचे प्रवेश छाटून नाटक 'गंभीर' करायला जाल तर सिंधूचं दुःख नुसतं एकसुरी होईल.

'मॅकबेथ'मध्येही तेच. राजाचा खून झालाय, दारावर थापा पडतायत आणि उघडायला येतो प्यालेला द्वारपाल, आपण नरकाचे दारवान असल्याचं सोंग करत. थट्टेत आपण किती खरं बोललो हे त्याला ठाऊक नाही. आपल्याला आहे. इंग्रज कवी-समीक्षक कोलरिजला हा प्रवेश शेक्सपिअरचा वाटलाच नव्हता! 'किंग लिअर'मधला विदूषक तर नाहम टेट या नाटककाराने १६८१ मध्ये आपल्या रूपांतरातून सरळ काढून टाकला, वर शेवटही गोड केला. त्या विदूषकाला रंगमंचावर परत यायला १८३८ उजाडावं लागलं.

नटांचा दोष मात्र मान्य. एक हशा मिळाला की पदरची वाक्यं सुरू होतात आणि मागचा प्रसंग वाहून जातो. हॅम्लेट नाटकमंडळींना हेच बजावतो: विदूषकांनी लिहून दिलंय तेवढंच बोलावं.

'रोमिओ अँड ज्युलिएट'मधले वाजंत्री आठवतात? लग्नात वाजवायला आलेत आणि नवरी मेलेली (निदान घरच्यांना तसं वाटतंय). ते वाद्यं आवरतात, नोकराशी हुज्जत घालतात आणि जेवण मिळेल म्हणून थांबायचं ठरवतात. हा तुकडा प्रयोगांत बऱ्याचदा कापला जातो. माझ्या हातात असतं तर मी तो नक्की ठेवला असता, तेही एकाही वाजंत्र्याला वेंधळा न करता. त्यांचं काम बुडालंय, भूक लागलीय. त्यात विनोदी काहीच नाही, आणि तरी आपण हसतो.