कडी हातात आली

काल सकाळी फाटकाची कडी माझ्या हातात आली. फाटक मात्र बंदच राहिलं. कडीच्या बुडाशी लोखंड असं उरलंच नव्हतं, नुसते पापुद्रे आणि तपकिरी भुगा. वरचा निळा रंग तेवढा चकचकीत.

कुंपणापलीकडून शेजारचे काका म्हणाले, "काढलीत?"

"निघाली."

"प्रायमर मारला होता?"

"रंगाचे दोन हात दिलेत ना!"

"रंग दिसतोय. मी प्रायमर विचारला, रंगाखालचा गंजरोधक हात."

मग काका कुंपणाला टेकले. ते टेकले की माझा अर्धा तास गेला. "गंजाला लागतं काय? पाणी आणि हवा. तुम्ही जुना गंज न खरवडता वर रंग फासलात. चोराला आत ठेवून बाहेरून कुलूप!" उपमा चांगली होती, म्हणून जास्तच राग आला. "गंज लोखंडापेक्षा जास्त जागा खातो, रंग आतून उचलतो. फोड आले असतील." आले होते. मी ते उन्हाचे समजत होतो.

"जस्ताचा थर हवा होता. ओरखडा पडला तरी जस्त आधी स्वतः झिजतं, लोखंडाला वाचवतं." इथे काकांचा आवाज जरा कापरा झाला. त्यांच्या घरातलं जस्त कोण, ते मी विचारलं नाही.

तिथून गाडी हम्फ्री डेव्ही या इंग्रज रसायनशास्त्रज्ञावर. 1824 साली त्याने जहाजांच्या बुडाच्या तांब्याच्या पत्र्याला लोखंड-जस्ताचे तुकडे जोडायची युक्ती काढली. तांबं झिजायचं थांबलं. पण पाण्यात झिरपणारं तांबंच शंख-शिंपल्यांना लांब ठेवत होतं! ते चिकटले आणि जहाजं रखडली. डेव्ही मला एकदम घरचा माणूस वाटला.

खरं दुखणं निराळंच आहे. गेल्या वर्षी दोन दिवस उन्हात मी फाटक रंगवत होतो, तेव्हा काका याच जागी टेकून होते. 'रंग झकास निवडलात' म्हणाले होते.

"तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"तुम्ही विचारलंत कुठे?"

यावर काय बोलणार? प्रायमर या वस्तूबद्दल विचारायला ती आधी माहीत तर हवी!

संध्याकाळी पाऊस भुरभुरत होता, काका दिसत नव्हते. जुन्या वायरमधली तांब्याची तार काढली, कडी फाटकाला घट्ट आवळली. शेवटचा पीळ देतोय तोच मागून आवाज आला.

"तांबं? लोखंडाला? अहो, आता त्या तारेपायी तुमचं फाटक झिजणार!"