वॉर्सा कॅनालेट्टोच्या चित्रांवरून उभं राहिलं? नाही, असं झालेलं नाही

परत तो फॉरवर्ड फिरतोय, की नाझींनी वॉर्सा बेचिराख केलं आणि मग पोलिश लोकांनी व्हेनिसचा अठराव्या शतकातला चित्रकार कॅनालेट्टो याची फोटोसारखी चित्रं समोर ठेवून अख्खं जुनं शहर जसंच्या तसं बांधलं. ऐकायला भारी वाटतं, पण यात बरंच चुकलंय.

मुळात माणूसच चुकलाय. फेमस कॅनालेट्टो वॉर्साला कधी गेलाच नाही, ही चित्रं त्याच्या भाच्याची, बेर्नार्दो बेलोत्तोची. मामाच्या हाताखाली शिकला, १७४७ ला व्हेनिस सोडून जर्मनीतल्या ड्रेस्डेनच्या दरबारात गेला आणि तिकडे मामाचंच नाव लावायचा, म्हणून हा सगळा घोळ. पण म्हणून त्याला मामाची कॉपी म्हणणं म्हणजे अन्याय आहे. १७६० मध्ये प्रशियाच्या तोफांनी ड्रेस्डेन फोडलं, त्यात याचं घरपण गेलं, आणि १७६५ चं त्याचं क्रॉइत्सकिर्शे चर्चचं चित्र एकदा झूम करून बघाच: उभा चिरलेला अर्धा टॉवर, त्यावर मुंगीएवढे मजूर, खाली दगडांचा ढिगारा आणि बघ्यांची गर्दी. मामाच्या चकचकीत व्हेनिसमध्ये असलं काही सापडत नाही. पुढे सेंट पीटर्सबर्गला निघाला होता, वाटेत वॉर्सात पोलंडचा राजा स्तानिस्लाव ऑगस्टने ठेवून घेतलं, १७६८ ला दरबारी चित्रकार झाला आणि १७८० मध्ये तिथेच वारला.

'फोटोसारखी' म्हणाल तर तेही नाही. कॅमेरा ऑब्स्क्युरा, म्हणजे समोरच्या दृश्याची प्रतिमा आत पाडणारी अंधारी पेटी, वापरायचा खरा, पण चित्र छान बसावं म्हणून इमारतींची प्रमाणं सरळ बदलायचा.

आणि 'अख्खं जुनं शहर' हे तर मला सगळ्यात जास्त खटकतं. वॉर्साच्या राजवाड्यात आज त्याची २२ वॉर्सा-चित्रं आहेत, त्यात राजमार्ग, चर्च, महाल, विलानुफचा राजवाडा वगैरे आहे, पण ज्या ओल्ड टाउनच्या चौकाचा फोटो त्या फॉरवर्डला लावलाय तो चौकच नाहीये! तो बांधला युद्धाआधीच्या फोटोंवरून आणि वॉर्सा पॉलिटेक्निकच्या आर्किटेक्चरवाल्या पोरांनी आणि प्राध्यापकांनी घरन्‌घर मोजून काढलेल्या ड्रॉइंग्जवरून. ती ड्रॉइंग्ज १९४४ च्या नाझींविरुद्धच्या उठावानंतर शहराबाहेर काढून पिओत्रकुफ गावच्या मठात लपवली होती, जीव धोक्यात घालून, आणि फॉरवर्डमध्ये त्या लोकांचा एका शब्दाने उल्लेख नाही.

बेलोत्तोची मदत झालीच, नाही कोण म्हणतंय. वॉर्साच्या ब्रानित्स्की महालाच्या छतावरचे पुतळे त्याच्याच चित्रावरून परत केलेत. तेवढं श्रेय त्याला द्या, आणि त्याच्या स्वतःच्या नावाने द्या.