प्रश्न उद्भवत नाही

सोमवारी मला एका सरकारी कचेरीतून परत पाठवलं. कारण काय, तर "अधिवेशन सुरू झालं." कचेरी कुठली ते लिहीत नाही, कारण पुढचे हेलपाटे तिथेच घालायचे आहेत. सिंधुदुर्गातली आहे, छप्पर गळतं आणि फाइलींच्या गठ्ठ्यांवर निळं प्लॅस्टिक घातलंय. एवढ्यावरून ओळखता आली तर तुम्ही जिंकलात.

काम किरकोळ. चुलत्यांच्या पश्चात वारस नोंद. गाव नमुना 6-क मध्ये वारस लागतात, मग नमुना 6 मध्ये फेरफार पडतो, हितसंबंधितांना नोटीस निघते, 15 दिवस हरकतीची वाट बघायची, कोणी आडवं आलं नाही तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. मग सात-बारावर नाव. जमीन 18 गुंठे, सात-बारावर नावं 41, पैकी निम्मी डोंबिवलीत आणि चार जण वर. कोकणातल्या माणसाला यात नवल वाटणार नाही.

कारणांबद्दल माझी तक्रार नसते. "लाइट नाही" हे कारण मला मान्य आहे, पंखा थांबलेला दिसतो. "सर्व्हर डाऊन" मान्य, पडद्यावरचं चक्र गरगरताना दिसतं. "साहेब व्हीसीत आहेत", म्हणजे व्हिडिओ कॉन्फरन्सवर, हेही मी गेली काही वर्षं पचवतो आहे. पण विधानभवन नरीमन पॉइंटला, आमची कचेरी तिथून साडेचारशे-पाचशे किलोमीटर लांब, मधे अजून पुरता न झालेला महामार्ग. आणि मुख्य म्हणजे पहिल्या दिवशी सभागृहात काय होतं हे मला चांगलं ठाऊक आहे. विधिमंडळाचं थेट प्रक्षेपण कोणी दट्ट्या न लावता बघणारी जी पाच-दहा माणसं या राज्यात असतील, त्यातला मी एक. घरचे याला व्यसन म्हणतात.

दारात स्टुलावर नाना. त्यांचं खरं नाव नाना आहे की नाही कोणास ठाऊक. शिपायाला नाना म्हणायचं हे ठरलेलं आहे. मला बघताच त्यांनी हात वर केला.

"अधिवेशन लागला हा. आता पंधरा दिस काय्येक होवचा नाय. बसा थंय."

"नाना, आज पहिला दिवस आहे. आज तिथे सुद्धा काही होत नाही."

"मगे हंय कसा होतला?"

याला उत्तर नव्हतं. मी बाकावर बसलो. नानांनी चहा विचारला. मी नको म्हणालो. अधिवेशनाच्या आदल्या दिवशी मुख्यमंत्री विरोधकांना चहापानाला बोलावतात, मुंबईत सह्याद्री अतिथीगृहावर, नागपुरात रामगिरीवर. विरोधक पत्रकार परिषद घेऊन बहिष्कार जाहीर करतात. मग मुख्यमंत्री आपल्याच मंत्र्यांसोबत चहा पितात आणि तेही पत्रकार परिषद घेतात. सरकारं बदलली, बाकं बदलली, कालचे यजमान आज बहिष्कार घालतात; पण तो चहा पिण्याचं पाप शक्यतो कोणताही विरोधी पक्ष करत नाही. मी परंपरा पाळली.

"विरोधी पक्षासारख्या करू नकात," नाना म्हणाले. म्हणजे नानाही बघतात तर.

खिडकीच्या आत जे भाऊसाहेब बसतात, त्यांच्यापुढे एक भलामोठा कागद होता. अकरा रकाने, पट्टीने आखलेले. प्रत्येक रकान्यात ते निळ्या शाईने एकच शब्द लिहीत होते: निरंक. अनुक्रमांक, गावाचे नाव, निरंक, निरंक, निरंक. एका ठिकाणी चुकून "निरकं" झालं होतं, ते खोडून शेजारी बारीक सही केली होती. सरकारदरबारी काहीही नसणं सुद्धा असंच सोडून देता येत नाही. "माहिती निरंक असल्यास तसे कळवावे" असं वरच्या पत्रात लिहिलेलं असतं. सकाळपासून हा मनुष्य काही नसल्याचा दाखला लिहीत बसला होता. त्याचा राग यावा की कीव, हे माझं अजून ठरत नाहीये.

कागदाच्या डोक्यावर लाल शिक्का: एलएक्यू, अत्यंत तातडीचे. एलएक्यू म्हणजे विधानसभेतला प्रश्न. ही गोम बाहेरच्यांना कळत नाही. आमदार तारांकित प्रश्न विधिमंडळ सचिवालयात टाकतो. तारा लावला म्हणजे मंत्र्याने तोंडी उत्तर द्यायचं आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात. तारा नसेल तर लेखी उत्तरावर भागतं. प्रश्न तिथून मंत्रालयातल्या विभागाकडे, विभागाकडून आयुक्तांकडे, मग जिल्ह्याला, मग तालुक्याला. प्रत्येक पायरीवर मुदतीतला एकेक दिवस गळतो. खाली पोचेपर्यंत "आज दुपारी 2 पर्यंत" उरलेलं असतं आणि तालुक्यात ते लिहायला हे एकच भाऊसाहेब उरलेले असतात. मग ते रकाने उलट्या वाटेने वर चढतात आणि मंत्रिमहोदयांच्या तोंडून चार ओळी होऊन बाहेर पडतात.

त्या चार ओळींची एक बोली आहे. छापील प्रश्न नेहमी असा: अमुक झाले, हे खरे आहे काय, असल्यास, त्याअनुषंगाने कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे, नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत. भाऊसाहेब महिनाभर हेच वाचत असावेत. कारण मी अगदी साध्या मराठीत विचारलं, "भाऊसाहेब, माझा अर्ज मार्चपासून पडून आहे, खरं ना?"

मान वर न करता उत्तर आलं, "हे अंशतः खरे आहे."

मला वाटलं चेष्टा करतायत. चेहरा बघितला. चेष्टेचा मागमूस नाही.

"अंशतः म्हणजे?"

"अर्ज मार्चपासून आहे. पडून नाही."

"मग काय चाललंय त्याचं?"

"बाब तपासून घेण्यात येत आहे."

"कोणाकडून?"

"सक्षम प्राधिकाऱ्याकडून."

"आणि उशीर का झाला?"

"प्रश्न उद्भवत नाही."

यावर मी जरा चढलो, कबूल आहे. "हा माझा उपप्रश्न आहे," मी म्हणालो, "नोटिशीची 15 दिवसांची मुदत एप्रिलातच संपली. हरकत एकही आली नाही. मग नोंद प्रमाणित व्हायला अडचण काय?"

भाऊसाहेबांनी पेन थांबवलं. थोडा विचार केला. "उपप्रश्न मूळ प्रश्नाच्या कक्षेत येत नाही."

"मग हरकतीचा मुद्दा घेतो."

"हरकतीचा मुद्दा नियमावर घेतात. तुमचा फार तर औचित्याचा होईल."

हे मात्र अचूक होतं. सभागृहात अर्ध्या आमदारांना हा फरक कळत नाही. हरकतीचा म्हणून उठतात आणि गावच्या साकवाबद्दल बोलतात. एवढ्या जाणकार माणसाशी भांडताना मलाच ओशाळल्यासारखं झालं. तेवढ्यात दारातून नानांनी निर्णय दिला, "राखून ठेवा हो तो प्रश्न! आणि तुमी बसून घ्या, मागचे लोक उभे आसत." मागे एक बाई आणि तिचा कोंबडा. तिचा प्रश्न बहुधा अतारांकित असावा, कारण ती काही न बोलता कागद ठेवून गेली.

निदान अर्ज पुन्हा दिल्याची पोच तरी द्या, म्हटलं. तर गोल शिक्का कपाटात, कपाटाची किल्ली साहेबांकडे, साहेब जिल्ह्याला व्हीसीत. सभागृहात अध्यक्षांसमोर राजदंड असतो. तो जागेवर असला की बैठक चालू. म्हणून गोंधळ टिपेला पोचला की कोणीतरी धाव घेऊन राजदंडच पळवू बघतं आणि मार्शल मागे लागतात. आमच्याकडे पळवायची गरजच नाही, आधीच कुलूपबंद. गणसंख्येचं म्हणाल तर 288 च्या विधानसभेत एक-दशांश, म्हणजे 29 लागतात. कमी पडले तर घंटा वाजवत बसतात. कचेरीत टेबलं नऊ, माणूस एक. एक-दशांशाने पाहिलं तर गणपूर्ती झाली होती. घटनेत "किंवा 10, यांपैकी जी संख्या जास्त असेल ती" अशीही अट आहे, पण ती मी उच्चारली नाही. दहा माणसं जमेपर्यंत थांबा म्हणाले असते.

बाकावर बसल्या बसल्या मला खोती आठवली, खोताने गावाचा सारा वसूल करायची कोकणातली जुनी पद्धत. माझ्या हातातल्या जुन्या फेरफाराच्या नकलेत तो शब्द आहे, मोडी वळणाच्या अक्षरात. 17 सप्टेंबर 1937 ला डॉ. आंबेडकरांनी मुंबई विधानसभेत खोती नष्ट करणारं विधेयक मांडलं. जानेवारी 1938 मध्ये शेतकऱ्यांचा मोर्चा थेट कौन्सिल हॉलवर नेला. आज अधिवेशन म्हटलं की मोर्चा हे जे समीकरण आहे, त्याचं मूळ शोधायला इथवर मागे जावं लागतं. आणि सभागृह कोणाचं होतं? आंबेडकरांचं मूळ गाव मंडणगडातलं आंबडवे. अध्यक्ष गणेश वासुदेव मावळंकर, घराणं संगमेश्वराकडचं, शाळा काही काळ राजापुरात. सरकारचे प्रमुख बाळासाहेब खेर, जन्म रत्नागिरीचा. तिन्ही बाजूंना कोकण भरलेलं आणि तरी कोकणातली खोती जाईना. विधेयक तसंच राहिलं. खोती कायद्याने गेली ती स्वातंत्र्यानंतर, 1949 च्या कायद्याने. तेव्हा माझा मार्चचा अर्ज जुलैत अडलाय म्हणून मी फार आरडाओरडा करू नये, असं मी स्वतःला समजावलं. फार वेळ पटलं नाही.

नानांनी तोवर मोबाइल खिडकीच्या गजाला टेकवून थेट प्रक्षेपण लावलं होतं. विधानभवनाच्या पायऱ्यांवरचा कार्यक्रम आटपला होता. तो कॅमेऱ्यांसाठी असतो: फलक, घोषणा, कांदे महागले वा पडले तर गळ्यात कांद्याच्या माळा. आंब्याचं नुकसान झालं म्हणून आमच्या जिल्ह्यातल्या कोणी कधी गळ्यात आंबे बांधलेले मी पाहिले नाहीत. डाग पडतात, हे एक कारण असेल.

आत "वंदे मातरम्" झालं. राज्यपालांचं अभिभाषण नव्हतं. ते वर्षाच्या पहिल्या अधिवेशनात आणि निवडणुकीनंतरच्या पहिल्या अधिवेशनात असतं. एरवी ते शिमग्याच्या सुमारास येतं आणि 2022 साली सभागृहातही शिमगाच झाला, राज्यपाल भाषण अर्ध्यावर टाकून निघून गेले. पावसाळ्यात ती करमणूक नाही. मग तालिका अध्यक्षांची नावं. अध्यक्ष उठले की खुर्ची कोणी सांभाळायची याची ती यादी. नाना जेवायला गेले की स्टुलावर झाडूवाला बसतो, तसं.

मग अध्यादेश पटलावर ठेवले. अध्यादेश म्हणजे अधिवेशन नसताना सरकारने घाईने टाकलेली ताडपत्री. सभागृह भरल्यापासून सहा आठवड्यांत विधेयकाची कौलं चढली नाहीत तर ती आपोआप उडते. त्यानंतर पुरवणी मागण्या. मार्चात वर्षाचा अर्थसंकल्प मंजूर करायचा आणि जून-जुलैत "पुरले नाहीत" म्हणून पुन्हा यादी द्यायची. 2025 मध्ये 30 जूनला, पहिल्याच दिवशी, ही यादी 57,509 कोटींची होती. त्या दिवशी ती फक्त मांडतात. चर्चा आणि मतदान पुढे. एवढ्या कोटींमध्ये एका कपाटाची दुसरी किल्ली बसत नाही.

मग शोकप्रस्ताव. दिवंगत माजी सदस्यांची नावं, प्रत्येकाचा जन्म, शिक्षण, कारकीर्द. आधी सभागृह नेते, मग विरोधी बाकांवरून, मग एकेका पक्षाचा एकेक. अर्ध्या तासापूर्वी पायऱ्यांवर एकमेकांचे बाप काढणारी माणसं इथे खालच्या आवाजात बोलतात. मला पहिल्या दिवसातला हाच भाग खरा आवडतो. सगळे उभे राहिले, स्तब्धता झाली, आणि नानाही स्टुलावरून उठून उभे राहिले. भाऊसाहेबांनी पेन खाली ठेवलं. कोंबडा तेवढा बोलला. बाई जाताना त्याला विसरून गेली होती.

दिवसभरासाठी बैठक तहकूब झाली. प्रश्नोत्तरांचा तास त्या दिवशीच्या कामकाजात नव्हताच, म्हणजे ते अकरा रकाने त्या दिवशी कोणी विचारणार नव्हतं. मी उठून खिडकीशी गेलो.

"संपलं हो आजचं. आता तरी घ्या माझं."

भाऊसाहेबांनी शेवटचं "निरंक" लिहिलं, वाळू दिलं, आणि कागदाची घडी घातली.

"उद्यापासून तारांकित सुरू. आज एक दिवस निवांत मिळालाय, तर तो तरी मिळू द्या." मग माझा अर्ज हातात घेऊन बघितला आणि परत दिला. "यावर आजची तारीख घातलीत. अधिवेशन संपल्यानंतरची घाला. नाहीतर प्रलंबित दिसेल."

बाहेर पावसाने धरलं होतं. छत्री घरी. मी परत बाकावर येऊन बसलो, तर शेजारी चहाचा ग्लास, वर बशी झाकलेली.

"तुमी नको म्हटलास तरी सांगून ठेयलंय," नाना म्हणाले. "दोन चाय. पैसे तुमच्या नावार घातलंय."