येशूचे शब्द नेमके कोणासाठी?

‘डोंगरावरचे प्रवचन यहुद्यांसाठी होते, आपल्यासाठी पौलाची पत्रे आहेत.’ मायदेशातल्या ख्रिस्ती तरुणांकडून हे वाक्य मला अलीकडे वारंवार ऐकायला मिळते. डोंगरावरचे प्रवचन म्हणजे मत्तयाच्या शुभवर्तमानातली (येशूच्या चरित्रातली) पाच ते सात या अध्यायांतली येशूची शिकवण, आणि पौल हा त्याच्यानंतर परराष्ट्रीयांत, म्हणजे यहुदी नसलेल्यांत, काम करणारा प्रेषित. मोबाइलवर आलेल्या प्रवचनांतून ते त्यांच्यापर्यंत पोहोचले आहे. त्यामागचा युक्तिवाद असा: येशू वधस्तंभाआधी जे बोलला ते नियमशास्त्राच्या, म्हणजे मोशेने यहुद्यांना दिलेल्या नियमांच्या, काळात, नियमशास्त्राखालच्या लोकांशी बोलला. तो स्वतःच म्हणाला की मला इस्राएलाच्या घराण्यातल्या हरवलेल्या मेंढरांखेरीज कोणाकडे पाठवलेले नाही (मत्तय १५:२४). पौलही त्याला सुंता झालेल्यांचा, म्हणजे यहुद्यांचा, सेवक म्हणतो (रोमकरांस १५:८). मग दुसरा गाल पुढे करणे, शत्रूवर प्रीती करणे, शपथ न वाहणे या आज्ञा आपल्याला थेट लागू कशा होणार? आपण कृपेच्या युगातले आहोत.

मी अमेरिकेत राहतो. हा विचार ज्या भूमीत वाढला तिथेच मी राहत असल्याने तो मायदेशी नव्या प्रकटीकरणासारखा मांडला जातो तेव्हा मला राहवत नाही. देव वेगवेगळ्या युगांत माणसांशी वेगवेगळ्या व्यवस्थेने वागतो, ही मांडणी एकोणिसाव्या शतकात जॉन नेल्सन डार्बी या धर्मोपदेशकाने पद्धतशीर केली. सायरस स्कोफील्ड या अमेरिकन पाळकाने १९०९ साली टिपांसह बायबल छापले आणि ती घरोघरी नेली. पवित्र शास्त्राच्याच पानावर, वचनाखाली टीप आली की सामान्य वाचकाला वचन आणि टीप वेगळी ठेवणे अवघड जाते. स्कोफील्डची टीप सांगते की डोंगरावरचे प्रवचन शब्दशः लागू होते ते येणाऱ्या राज्याला. मंडळीचे, म्हणजे चर्चचे, कर्तव्य त्यात मूलतः सांगितलेले नाही. ख्रिस्ती माणसाने त्यातून नैतिक बोध घ्यावा, एवढे त्याने मान्य केले होते. इंग्लंडचा धर्मपंडित बुलिंगर त्याच्याही पुढे गेला आणि चारही शुभवर्तमाने मंडळीच्या कक्षेबाहेर ठेवून बसला. आज मायदेशात जे ऐकू येते ते या दोघांच्या मधले काहीतरी आहे, आणि ते कुठून आले हे सांगणाऱ्यांनाही बहुधा माहीत नसते.

असे म्हणणाऱ्यांचा एक मुद्दा मात्र खरा आहे. येशूचे प्रत्येक वाक्य प्रत्येकाला उद्देशून नाही. कुष्ठरोग्याला तो म्हणाला, जाऊन स्वतःला याजकाला दाखव आणि मोशेने नेमलेले अर्पण कर. हे आज कोणी करत नाही आणि करूही शकत नाही. बारा शिष्यांना त्याने परराष्ट्रीयांकडे जाऊ नका असे बजावले होते. पण पुढे काय झाले ते पाहा. ‘परराष्ट्रीयांकडे जाऊ नका’ ही आज्ञा मत्तयाच्या दहाव्या अध्यायात आहे, आणि त्याच मत्तयाच्या शेवटच्या अध्यायात ‘सर्व राष्ट्रांतल्या लोकांना शिष्य करा’ अशी आज्ञा आहे. थैली आणि झोळी न घेता निघा, असे त्याने शिष्यांना सांगितले होते. अखेरच्या रात्री तोच म्हणाला, आता ज्याच्याजवळ थैली आहे त्याने ती घ्यावी (लूक २२:३६). तात्पुरती आज्ञा कुठे संपते हे येशू स्वतः सांगतो. शत्रूवर प्रीती करण्याची आज्ञा मागे घेतल्याचे मात्र त्याने कुठेच सांगितलेले नाही. उलट पुनरुत्थानानंतर, म्हणजे असे म्हणणाऱ्यांच्या हिशेबाने नवे युग उजाडल्यावर, तो म्हणतो की जे काही मी तुम्हाला आज्ञापिले ते सर्व त्यांना पाळायला शिकवा. ‘त्यांना’ म्हणजे सर्व राष्ट्रांतून झालेल्या शिष्यांना. मत्तय २८:२० हे एकच वचन समोर ठेवले तरी ‘ते आपल्यासाठी नाही’ म्हणणाऱ्याला बरेच स्पष्टीकरण द्यावे लागेल.

खरी अडचण वेगळ्या ठिकाणी आहे, आणि तिच्यापाशी थोडे थांबायला हवे. येशू म्हणतो, तुम्ही लोकांना क्षमा केली नाही तर तुमचा पिताही तुमच्या अपराधांची क्षमा करणार नाही. पौल म्हणतो, देवाने ख्रिस्तामध्ये तुम्हाला क्षमा केली तशी तुम्हीही एकमेकांना क्षमा करा. पहिल्यात अट दिसते, दुसऱ्यात भेट. स्कोफील्डने पहिल्याला ‘नियमशास्त्र’ म्हटले, दुसऱ्याला ‘कृपा’. ज्याला आयुष्यभर ‘तू कमी पडतोस’ एवढेच ऐकवले गेले, त्या माणसाला ही विभागणी सुटकेसारखी वाटते. असे लोक मायदेशी पाहिले आहेत, इथेही पाहिले आहेत, आणि त्यांचे दुःख मी हलके लेखणार नाही.

पण मत्तयाचा अठरावा अध्याय उघडून पाहा. राजाच्या एका दासावर दहा हजार तालांतांचे कर्ज आहे. एक दिनार ही मजुराची दिवसाची मजुरी, आणि एका तालांतात सुमारे सहा हजार दिनार. म्हणजे सहा कोटी दिवसांची मजुरी. कोणत्याही जन्मात न फिटणारी रक्कम. राजा ती सोडून देतो, अट न घालता, दासाने काहीही फेडण्याआधी. मग तोच दास शंभर दिनारांसाठी सोबत्याचा गळा धरतो. क्षमा आधी येते आणि तिच्यातून दुसऱ्याला क्षमा करण्याचे बंधन येते, हा क्रम इथे खुद्द येशूच्या तोंडी आहे. पौलाने इफिसकरांना तोच क्रम सांगितला. कृपा ही पौलाने नंतर आणलेली गोष्ट आहे आणि येशूकडे नुसती अट होती, असे म्हणणाऱ्याने हा दाखला नीट वाचलेला नाही.

पौलाच्या आश्रयाला जाऊनही येशूच्या आज्ञा टळत नाहीत. करिंथच्या मंडळीत विश्वासणारे एकमेकांना न्यायालयात खेचत होते. पौल त्यांना विचारतो, त्यापेक्षा अन्याय का सोसत नाही? तुझी बंडी घेऊ पाहणाऱ्याला अंगरखाही दे, या येशूच्या आज्ञेचा तो मंडळीच्या कारभारातला वापर आहे. छळणाऱ्यांना आशीर्वाद द्या, वाइटाबद्दल वाईट करू नका, हे रोमकरांस पत्राच्या बाराव्या अध्यायात आहे. विवाहाविषयी लिहिताना तो स्पष्ट म्हणतो की ही आज्ञा माझी नाही, प्रभूची आहे. आणि तीमथ्याच्या पहिल्या पत्रात, प्रभू येशूच्या वचनांना जो मान्य करत नाही त्याला काहीच समजत नाही असे म्हटले आहे. काळाचा क्रमही लक्षात घ्यावा. बहुतेक अभ्यासकांच्या मते पौलाची पत्रे आधी लिहिली गेली, शुभवर्तमाने नंतर. येशूची शिकवण कालबाह्य झाली असती तर पुनरुत्थानानंतर इतक्या वर्षांनी, परराष्ट्रीयांनी भरलेल्या मंडळ्यांसाठी, ती एवढ्या काळजीने कोणी लिहून ठेवली असती?

इथल्या आयुष्याबद्दल थोडे सांगतो. येशूचे शब्द बाजूला सारण्यासाठी अमेरिकेत आता युगांच्या तक्त्याचीही गरज उरलेली नाही. ‘ख्रिश्चॅनिटी टुडे’ मासिकाचे तेव्हाचे संपादक रसेल मूर यांनी २०२३ साली एका रेडिओ मुलाखतीत सांगितले की अनेक पाळकांनी त्यांना एकच अनुभव कळवला: प्रवचनात दुसरा गाल पुढे करण्याची आज्ञा उद्धृत केली की नंतर कोणीतरी येऊन विचारतो, हे डाव्या विचारांचे मुद्दे तुम्ही कुठून आणले? मी तर येशूचेच शब्द वापरले, असे पाळकाने म्हटले की उत्तर मिळते, ते आता चालत नाही, ते दुबळेपणाचे आहे. मला हे वाचून खोल दुःख झाले. ज्या समाजात आपण संख्येने मोठे आहोत, सत्ता जवळ आहे, तिथे शत्रूवर प्रीती करणे म्हणजे हातातले काहीतरी सोडणे. म्हणून ते शब्द जड होतात.

पण याच देशात दुसरी परंपराही आहे आणि मायदेशी ती फारशी पोहोचत नाही, याची मला खंत वाटते. कृष्णवर्णीय धर्मविद्वान हॉवर्ड थर्मन यांची आजी गुलामगिरीत जन्मलेली होती. तिला वाचता येत नसे. नातू तिला बायबल वाचून दाखवी. पौलाची पत्रे मात्र ती वाचू देत नसे, प्रीतीवरचा करिंथकरांस पत्रातला तेरावा अध्याय तेवढा अपवाद. कारण मालकाने आणलेला धर्मोपदेशक गुलामांना पुन्हा पुन्हा ‘दासांनो, धन्यांच्या आज्ञा पाळा’ हेच पौलाचे वचन ऐकवत असे. आज आपले तरुण म्हणतात, शुभवर्तमाने त्यांच्यासाठी, पत्रे आपल्यासाठी. त्या वृद्धेने नेमके उलट केले. शास्त्राचा एक भाग दुसऱ्यावर उचलून मारण्याचा परिणाम तिने आयुष्यात भोगला होता. मी पौलाला बाजूला ठेवायला सांगत नाही. तिच्यावर झालेल्या अन्यायात दोष पौल निवडून वापरणाऱ्यांचा होता. पण येशूचे शब्द आपल्यासाठी आहेत की नाहीत, हा प्रश्न तिला कधी पडला नाही.

हेच थर्मन १९३६ साली बार्डोलीला गांधीजींना भेटले. त्याच प्रवासात कोलंबोमध्ये एका कायदेतज्ज्ञाने त्यांना विचारले होते: तुमच्या पूर्वजांना गुलाम करून विकणारे ख्रिस्ती होते, मग तुम्ही ख्रिस्ती कसे? मंडळीने काय केले आणि येशूने काय शिकवले यांतले अंतर त्या प्रश्नात स्पष्ट दिसते. येशूची शिकवण आजच्या ख्रिस्ती माणसाला लागूच नाही असे म्हटले, तर त्या कायदेतज्ज्ञाला द्यायला आपल्याकडे उत्तर उरत नाही.

आपल्या बाजूचा इतिहासही हेच सांगतो. नारायण वामन टिळकांना आगगाडीच्या प्रवासात नवा करार मिळाला आणि डोंगरावरच्या प्रवचनाने त्यांना धरून ठेवले. १८९५ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. मराठी ख्रिस्ती भक्तीला ज्याने शब्द दिले तो कवी याच दारातून आत आला. गांधीजींनी बाप्तिस्मा घेतला नाही, तरी तेच अध्याय वाचून ते थेट आपल्या काळजाला भिडल्याचे लिहिले आणि त्यातले बरेच आचरणात आणून दाखवले. मंडळीबाहेरच्या माणसाने जे शब्द अंगावर घेतले ते मंडळीतल्या माणसाने दुसऱ्यासाठी आहेत म्हणून परत करावेत, हे मला पटत नाही.

तरी मायदेशातल्या ख्रिस्ती माणसाशी बोलताना माझे शब्द अडखळतात, आणि ते अडखळावेतही. मी सुरक्षित आहे. ज्याच्या प्रार्थनासभेवर जमाव चालून आला, ज्याला स्वतःच्या गावात परका ठरवले गेले, त्याला मी इथून दुसरा गाल पुढे कर म्हणणे हा निर्दयपणा होईल. येशूची आज्ञा मला थेट लागू आहे, याचा अर्थ ती दुसऱ्याच्या डोक्यावर मारायचा अधिकार मला मिळाला असा होत नाही. पण त्या माणसाने स्वतःच मला विचारले, की मग पोलिसांत तक्रार करणे पाप आहे का, तर मी त्याला दोन प्रसंग वाचायला सांगेन. महायाजकासमोर शिपायाने थोबाडीत मारली तेव्हा येशू गप्प बसला नाही. मी वाईट बोललो असेन तर ते सिद्ध कर, नाहीतर मला का मारतोस, असे त्याने विचारले. फिलिप्पैमध्ये चौकशीविना फटके मारून तुरुंगात टाकल्यावर पौलाने आपले रोमी नागरिकत्व पुढे केले आणि अधिकाऱ्यांनी स्वतः येऊन आपल्याला बाहेर न्यावे असा आग्रह धरला. कायद्याकडे न्याय मागता येतो, अन्यायाला अन्याय म्हणता येते. मनाई आहे ती सूडाची आणि द्वेषाची. मंडळ्यांच्या मालमत्तेचे आपापसातले खटले वर्षानुवर्षे चालवणाऱ्यांनी मात्र करिंथकरांस पहिल्या पत्राचा सहावा अध्याय या बचावाखाली झाकू नये.

पृथ्वीवर संपत्ती साठवू नका, ही आज्ञा परदेशात आलेल्या आमच्यासारख्यांना सर्वांत जास्त टोचते. आमच्यातले बहुतेक जण साठवायलाच आलो. या वचनावर आमच्या मंडळ्यांत फार कमी बोलले जाते, आणि त्यामागे युगांचा कोणताही सिद्धांत नाही.

मला वाटते, दुर्लक्षाचे मूळ आपल्या शिकवण्यात आहे. प्रेषितांचा विश्वासांगीकार, म्हणजे ख्रिस्ती विश्वासाचे थोडक्यातले निवेदन, आपण पाठ म्हणतो. त्यात येशू कुमारी मरीयेपासून जन्मतो आणि पुढच्याच वाक्यात पंतय पिलाताच्या अमलात दुःख भोगतो. मधल्या काळात तो काय शिकवत होता याचा उल्लेख नाही. बाप्तिस्म्याच्या तयारीचे वर्ग बहुतेक ठिकाणी याच आराखड्यावर चालतात. अगदी सुरुवातीच्या मंडळ्यांची पद्धत वेगळी होती. ‘दिदाखे’ हे पहिल्या शतकाच्या शेवटी किंवा दुसऱ्याच्या आरंभी लिहिलेले मानले जाणारे छोटे पुस्तक त्याची साक्ष देते. त्याचा पहिलाच अध्याय शाप देणाऱ्यांना आशीर्वाद द्या, उजव्या गालावर मारणाऱ्यापुढे दुसरा करा, अशा येशूच्या आज्ञांनी भरलेला आहे. त्याच पुस्तकात प्रभूची प्रार्थना दिवसातून तीनदा म्हणायला सांगितली आहे. आणि बाप्तिस्म्याचा विषय निघतो तेव्हा सूचना अशी आहे: या सर्व गोष्टी आधी सांगा, मग बाप्तिस्मा द्या. मायदेशातल्या ज्या तरुण पाळकांशी माझे बोलणे होते त्यांना मी एवढेच सुचवतो, की पुढच्या वर्गाची सुरुवात मत्तयाच्या पाच ते सात या अध्यायांनी करा, आणि पौलाची पत्रे त्यानंतर घ्या.