सुकलेल्या पाइप तंबाखूत सफरचंदाची फोड टाकू नका

पाइप ओढणाऱ्यांमध्ये एक सल्ला वर्षानुवर्षं हातोहात फिरतो आहे. हल्ली तो पुन्हा जोरात फिरायला लागलाय आणि दर फेरीला त्यात एखादं वाक्य वाढतंय. मजकूर साधारण असा:

"तंबाखू वाळली? डब्यात सफरचंदाची फोड नाहीतर बटाट्याचा काप टाका आणि झाकण लावा. तंबाखू हवा तेवढाच ओलावा ओढून घेते, वर फळाचा स्वाद मिळतो. घाई असेल तर वाफ द्या. पाण्याऐवजी रम शिंपडली तर बुरशी धरत नाही. डबा नवा उघडताना लागते तशी चिकट लागली की जमलं. ओलसर तंबाखू थंड जळते, अपायही कमी. थोडी बुरशी दिसलीच तर वरचा थर काढून उन्हात घाला. यातलं काहीच केलं नाही तर वाळलेली तंबाखू मेली म्हणून समजा, फेकून द्या."

चांगला डबा आपल्याकडे कोपऱ्यावरच्या टपरीवर मिळत नाही. कुणीतरी परदेशातून येताना आणतो, तो पुरवून पुरवून वापरला जातो आणि म्हणूनच वाळतो. काही मिश्रणं तर आता बनतच नाहीत. असा डबा नुसत्या वाळण्याने वाया जात नाही, वरच्या उपायांनी मात्र जातो. म्हणून एकेक वाक्य घेऊन उत्तर देतो.

शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करू, कारण बाकीची घाई त्या भीतीपोटी होते. वाळलेली तंबाखू मरत नाही. तंबाखूचं पान भोवतालच्या हवेतून पाणी घेतं आणि हवा कोरडी झाली की परत देतं. हे दोन्ही बाजूंनी पुन्हा पुन्हा घडू शकतं. अमेरिकेत केंटकीचा शेतकरी बर्ली जातीची पानं खोडासकट कोठारात टांगून वाळवतो. वाळलेलं पान इतकं ठिसूळ असतं की हात लावला तर भुगा होतो. मग तो दमट, पावसाळी हवेची वाट बघतो. पान त्या हवेत आपोआप नरम पडतं आणि तेव्हाच ते खाली उतरवून खोडावरून सोडवतात. म्हणजे डब्यात येण्याच्या कितीतरी आधी ही तंबाखू एकदा कडक वाळून पुन्हा नरम झालेली असते.

वाळण्यात काही जातं, हे मात्र खरं. व्हॅनिला, चेरी, व्हिस्की असे वास कारखान्यात अगदी शेवटी वरून दिलेले असतात. ते उडून जाणारे असतात आणि पाण्याबरोबर तेही उडतात. पाणी परत घातलं म्हणून ते परत येत नाहीत. तेव्हा सुगंधी मिश्रण पार वाळलं असेल तर अपेक्षा कमी ठेवा. पण व्हर्जिनिया जातीच्या तंबाखूचा अंगचा गोडवा, लुइझियानाच्या सेंट जेम्स परगण्यात पिंपात दाबून आंबवलेल्या पेरीक तंबाखूचा तिखटपणा, धुरी दिलेल्या लटाकिया तंबाखूचा लाकडी वास हे पानात मुरलेलं असतं. अशी मिश्रणं वर्षानुवर्षं वाळून पडली तरी नीट ओलावली की छान ओढता येतात.

आता मुख्य दावा: "हवा तेवढाच ओलावा ओढून घेते." सगळा घोळ या एका वाक्यात आहे.

तंबाखूला कुठे थांबायचं ते कळत नाही. बंद डब्यातली हवा जितकी दमट, तितकी ती ओली होत राहते. पाइपसाठी योग्य ओलावा, म्हणजे वजनाच्या साधारण 12 ते 14 टक्के, भोवतालची आर्द्रता 60 ते 65 टक्के असली की येतो. त्याच्या पुढे 70 टक्क्यांच्या आसपास बुरशीचं राज्य सुरू होतं. कापलेल्या सफरचंदाशेजारी बंद डब्यात आर्द्रता किती होते? जवळजवळ शंभर टक्के. ती फोड डब्याला थेट बुरशीच्या पट्ट्यात नेऊन बसवते आणि तुम्ही स्वतः बाहेर काढेपर्यंत तिथेच ठेवते.

हे आकड्यांत बघा. 50 ग्रॅमचा न वापरलेला डबा घ्या, ज्याचं झाकण ढिलं राहून आतला माल वाळलाय. बहुतेक मिश्रणं डब्यात भरताना 15 ते 20 टक्के ओली असतात. आपण 18 धरू. म्हणजे 9 ग्रॅम पाणी आणि 41 ग्रॅम कोरडा माल. आज वजन 44 ग्रॅम भरलं, तर पाणी उरलं 3 ग्रॅम, जेमतेम 7 टक्के. 13 टक्क्यांवर यायला एकूण वजन 47 ग्रॅमच्या किंचित वर हवं. म्हणजे कमी आहे ते पाणी फक्त 3 मिलिलिटर. सफरचंदात 85 टक्क्यांच्या आसपास पाणी असतं, तेव्हा 20 ग्रॅमच्या छोट्याशा फोडीत 17 मिलिलिटर. ते सगळं मुरलं तर तंबाखू 33 टक्के ओली होईल. गरजेच्या पाचपटीहून जास्त पाणी आत सोडायचं आणि ते बरोबर जागी थांबेल अशी आशा करायची, याला उपाय कसं म्हणायचं?

शिवाय फोड म्हणजे नुसतं पाणी नव्हे. सफरचंदाच्या सालीवर आणि गरावर यीस्ट असतं, बुरशीचे बीजाणू असतात. सफरचंद सडताना जी निळसर बुरशी चढते ती पेनिसिलियम एक्स्पान्समची, आणि ती पॅट्युलिन नावाचं विष तयार करते. बटाटा तर मातीतूनच आलेला. काही जण पावाचा तुकडा सुचवतात. पावसाळ्यात आपल्याकडे पाव दोन-तीन दिवसांत कसा होतो ते कुणाला सांगायला नको. तंबाखूत साखर असते, डब्यात अंधार, वर दमट हवा आणि शेजारी बी पेरून ठेवलेलं. "आमच्याकडे कधी काही झालं नाही" म्हणणारे खोटं बोलत नाहीत. त्यांनी फोड वेळेवर काढली, एवढाच त्याचा अर्थ. फोड रात्रभर ठेवून विसरायची नसते, आणि ती कधी काढायची ते सल्ला सांगतच नाही.

फळाच्या स्वादाबद्दल थोडक्यात: सफरचंदाचा जो वास लागतो तो दोन दिवसांत जातो. मागे राहिला तर आंबूस वास राहतो.

मग करायचं काय? पाणी घालायचं, मोजून आणि हळूहळू. सोनार वापरतात तसा छोटा डिजिटल काटा आता सहज मिळतो. औषधाच्या दुकानातून 5 मिलिलिटरची सिरिंज आणा, सुई नको. तिथेच इंजेक्शनसाठीच्या निर्जंतुक पाण्याची छोटी कुपी मिळते. त्यात क्लोरीन नाही, क्षार नाहीत. ती नसेल तर आरओचं पाणी उकळून गार करून घ्या, पण बोअरचं नको. तंबाखू पसरट काचेच्या भांड्यात मोकळी करा आणि लागणाऱ्या पाण्यातलं अर्धंच, वरच्या हिशेबात दीड मिलिलिटर, थेंब थेंब सगळीकडे टाका. एका जागी दोन थेंब पडू देऊ नका. बोटांनी हलक्या हाताने खालीवर करा, घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत भरा आणि एक दिवस बरणी उघडू नका. पहिल्या तासात काही धागे ओले आणि काही कडकच असतात. दुसऱ्या दिवशी ओलावा सगळीकडे सारखा पसरलेला असतो. मग वजन करा, हात लावून बघा आणि वाटलं तरच उरलेलं पाणी घाला. कमी पडलेलं पाणी कधीही वाढवता येतं.

फ्लेक असेल, म्हणजे दाबून कापलेल्या पट्ट्या, तर आधी ओलावायचं आणि मग कुस्करायचं. कोरडा फ्लेक चोळला की त्याचं पीठ होतं आणि पाइपच्या तळाशी जाऊन धुराची वाट बंद करतं. पट्टीच्या आतल्या थरांपर्यंत पाणी जायला जास्त वेळ लागतो, म्हणून तिला दोन-तीन दिवस द्या.

अर्धा ओढून झालेला डबा असेल तर वजनाचा असा हिशेब जमत नाही. तिथे ओलं फडकं चांगलं. वाडग्यात तंबाखू पसरायची, स्वच्छ सुती फडकं भिजवून घट्ट पिळायचं आणि वाडग्याच्या तोंडावर ताणून बांधायचं. ते तंबाखूला टेकता कामा नये. दर दोन-तीन तासांनी चाळवत राहायचं. सोलापुरात विडी वळणाऱ्या बायका तेंदूचं कडक पान पाण्यात भिजवून ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवतात, तेव्हा ते न चिरता कापता येतं आणि वळता येतं. पिढ्यानपिढ्या वाळलेलं पान हाताळणाऱ्या या कामात पाणी, कापड आणि वेळ एवढंच लागतं.

ठरावीक आर्द्रता राखणाऱ्या, बोव्हेडासारख्या पुड्या मिळतात. त्या खरोखर हव्या त्या आकड्यावर थांबतात, कारण त्यांच्यात पाण्यात विरघळलेले क्षार असतात आणि प्रत्येक क्षाराचं संपृक्त द्रावण आपापल्या आर्द्रतेवर टिकून राहतं. साध्या मिठाचं 75 टक्क्यांवर. तंबाखूसाठी 62 किंवा 65 ची घ्या. पण 8 ग्रॅमची छोटी पुडी पार वाळलेला डबा उठवू शकत नाही, तेवढं देण्याजोगं पाणी तिच्यात नसतं. आलेला ओलावा टिकवण्यासाठी ती ठेवावी.

आपली हवाही विसरू नका. जुलैत मुंबई-रत्नागिरीकडे आर्द्रता 80 टक्क्यांच्या वर असते. तिथे तंबाखू ताटात पसरून काही तास ठेवली तरी नरम पडते आणि रात्रभर विसरली तर पापडासारखी सादळते. नागपुरात मे महिन्याच्या दुपारी हीच आर्द्रता 20-25 टक्क्यांवर येते, तेव्हा उघडा डबा बघता बघता कुरकुरीत होतो. मुंबईत कुणाला चाललेला उपाय विदर्भात चालेल, असं म्हणूनच धरून चालू नये.

"घाई असेल तर वाफ द्या." नको. वाफेने पान नरम होतं, पण उष्णतेने उडणारं सगळं उडतं. चाळणीतल्या तंबाखूला वाफ दिली की स्वयंपाकघरभर जो घमघमाट सुटतो, तो तुमच्या डब्यातून कायमचा गेलेला वास असतो. मायक्रोवेव्ह त्याहून वाईट. त्याने उलट तंबाखू वाळते.

रमचं बोलायचं तर आपल्याकडची रम 42.8 टक्के अल्कोहोलची असते, म्हणजे निम्म्याहून जास्त ती पाणीच. शिंपडल्यावर अल्कोहोल आधी उडून जातं. मागे पाणी राहतं आणि रमचा थोडा वास. बुरशीला अडवायला डब्यात काहीच उरत नाही. कारखान्यात रम वापरतात, ती योग्य टप्प्यावर, आणि नंतर तंबाखू ठरावीक ओलाव्यापर्यंत वाळवतात. घरी रमचा वास आवडत असेल तर लागणाऱ्या पाण्यातले चार-दोन थेंब रमचे घ्या. पण संरक्षण म्हणून तिच्यावर विसंबू नका.

आता चिकटपणा. नव्या डब्यातली तंबाखू बहुतेक वेळा ओढण्यासाठी जास्तच ओली असते. जाणकार ती आधी तासभर कागदावर पसरतात. तेव्हा नव्यासारखी चिकट करणं हे ध्येयच चुकीचं आहे. शिवाय सुगंधी मिश्रणांत बहुतेकदा प्रॉपिलिन ग्लायकॉल हे ओलावा धरून ठेवणारं द्रव्य असतं, त्यामुळे ती पुरेशी वाळली तरी बोटांना ओलसर लागतात. बघायचं ते असं: चिमूटभर तंबाखू अंगठा आणि तर्जनीत दाबा आणि सोडा. गोळी तशीच राहिली तर जास्त ओली, करकर आवाज येऊन तुटली तर कोरडी. क्षणभर एकत्र राहून सावकाश उलगडली तर पाइप भरा.

ओली तंबाखू थंड जळते, हा समजही उलटा आहे. आगीची बरीच ताकद पाणी उडवण्यात जाते, पाइप सारखा विझतो, माणूस जोरजोरात झुरके घेतो आणि गरम वाफेने जीभ पोळते. "अपाय कमी" हे वाक्य तर कुणीही पुढे पाठवू नये. धूर छातीत घेतला नाही तरी निकोटीन तोंडाच्या आतल्या त्वचेतून रक्तात जातं, आणि पाइप ओढणाऱ्यांना ओठ, तोंड, घसा यांच्या कर्करोगाचा धोका असतोच. ओलावा कमी-जास्त केल्याने तो बदलत नाही. इथे जे सांगतोय ते चवीपुरतं आहे.

राहिली बुरशी. वर दिसतो तो थर म्हणजे फक्त तिचा उघड भाग; तंतू आत पसरलेले असतात आणि तिने सोडलेली विषं उन्हाने जात नाहीत. वरचं काढून खालचं ओढणं म्हणजे तेच सगळं जाळून तोंडात घेणं. पण फेकण्याआधी नीट बघा, कारण जुन्या व्हर्जिनिया फ्लेकवर कधीकधी पांढरे स्फटिक येतात आणि लोक घाबरून चांगला डबा टाकून देतात. उजेडात पट्टी तिरकी धरा. स्फटिक चमकतात, पानाला चिकटून असतात आणि वास नेहमीसारखाच गोड येतो. बुरशी चमकत नाही. ती कापसासारखी उभी राहते, धागे एकमेकांत गुंतवते आणि झाकण उघडताच कुबट वास येतो. तसा वास आला तर सगळा डबा टाका आणि काचेची बरणी असेल तर गरम पाण्याने धुऊन, पूर्ण वाळवून मगच पुन्हा वापरा.